प्रतिसाद: खेड्यातला पेपर म्हटलं की मुकुंदराव पाटील

वर एकांनी लिहिलंय की खेड्यातली पत्रकारिता ऑफसेट छपाई आल्यावर, तालुक्याची साप्ताहिकं निघायला लागल्यावर सुरू झाली. अहो, मग मुकुंदराव पाटलांना कुठे बसवायचं? त्यांचा 'दीनमित्र' हा पेपर 1910 ला सुरू झाला आणि पुढे नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून निघत राहिला, म्हणजे पुणं-मुंबई सोडा, नगर शहरातूनसुद्धा नाही! मुकुंदरावांचे वडील कृष्णराव भालेकर, 1877 चा 'दीनबंधू' हा पेपर काढणारे, पण मुकुंदराव दत्तक गेल्यामुळे त्यांचं आडनाव पाटील.

आणि काम किती किचकट, अक्षराचा एकेक खिळा (धातूचा ठसा) चिमटीत धरून जुळवायचा, तोही उलटा वाचत, मग प्रूफ, मग छपाई, मग घड्या घालून टपाल, आणि वर्गणीदार कोण तर बहुतेक शेतकरी, म्हणजे पाऊस गेला की वर्गणीपण गेली. तरी माणसाने 1967 ला जाईपर्यंत पेपर सोडला नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा बाणा, भाषा एकदम रांगडी, चिमटे तर असे काढायचे की बास, कुलकर्णी वतनावर (गावचा हिशेब ठेवायचं वंशपरंपरागत काम) तर अख्खं काव्यच लिहिलं. मला विचाराल तर अग्रलेखांपेक्षा त्यांचा हा तिरकसपणाच जास्त भारी.

पत्रकार दिनाला 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचा फोटो लावतात ते बरोबरच आहे, पण शेजारी मुकुंदरावांचापण लावा की.