खाजणातल्या शेतात तेल शिरलंय, पेटवू का?

उरणचा शेतकरी:
पाइपलाइन फुटली आणि उधाणाच्या भरतीबरोबर उघाडीतून, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारातून, काळं तेल आमच्या खाडीकाठच्या वीस गुंठे भातात आलं. पाणी ओसरलं, पण चिखलात बोट घातलं की वर रंगीत साय येते. मामा म्हणतो पेटवून दे.

खारबांध:
पेटवू नकोस बाबा! आधी तलाठ्याकडून पंचनामा, मातीचा नमुना. मगच घट्ट थर खरवडून पिंपात भर. उरलेल्याला तेल खाणारे जीवाणू मातीत असतातच, त्यांना हवा, ओल आणि नत्र लागतं. म्हणून माती उकरत राहा, शेणखत, थोडा युरिया टाक. जीवाणूंचं तयार मिश्रणही असतं, 'टेरी' या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर. मात्र एका हंगामात भात येईल असं धरून चालू नकोस.

कोळीण:
आणि तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, पाय घालू नका. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकली, तेव्हा आमच्याकडे तिवरांची चिखलातून वर येणारी श्वासमुळं डांबर फासल्यासारखी झाली. पोरं पुसायला आत शिरली, पायांनी तेल आणखी खाली दाबलं गेलं.

उरणचा शेतकरी:
मामाची काडेपेटी काढून घेतलीय. उघाडीची फळी आता बंद ठेवू की उघडी?

खारबांध:
भरतीला बंदच.