सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

निपाणीच्या दादांनी लिहिलंय, ओळखीतून कोल्हापूरची जुनी एमएच-०९ गाडी घेतली आणि पहिल्याच पावसात काचा आपोआप खाली यायला लागल्या. दादा, ही वायरिंगची किरकोळ भानगड वाटत नाही. आधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.

माझंही असंच झालं. चिकोडीत घेतली, मालक सज्जन, चहासुद्धा पाजला. बेल्टचा वरचा भाग चकाचक. शेवटची वीतभर पट्टी मात्र मातकट, नखानं खरवडली तर वाळका गाळ निघाला. २०१९ च्या पुरात बुडालेली गाडी! स्टेपनीच्या खड्ड्यातही तोच गाळ. मिस्त्री म्हणाला, "इंजिन धुता येतंय हो, पण कनेक्टर आतनं हिरवे पडल्यात, ते किती बदलणार?"

आणि एक. एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला (फॉर्म २८), घेतलाय का? गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मालकाच्या सह्या? गाडी बारा महिन्यांच्या वर इकडं कर्नाटकात ठेवायची तर नंबर चिकोडीचा केए-२३ करून इथला टॅक्स भरावा लागतो, आणि तो चांगलाच बसतो. तो भरायच्या आधी गाडी ठेवायची की मालकाच्या दारात नेऊन उभी करायची, ते ठरवा. मी भरून बसलो होतो.