मदत हवी आहे : जामीन मंजूर, तरी माणूस आतच (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला कायद्यात पीएचडी करतेय. विषय आहे, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून तुरुंगात अडकलेले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.

१९७८ चा मोतीराम खटला आपल्याच मध्य प्रदेशातला. गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला आणि जामीनदार भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं, महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर अटी बदलण्याचा विचार करा.

प्रत्यक्षात काय होतं? गेल्या आठवड्यात कोर्टाच्या आवारात एक मावशी भेटल्या. मुलगा आत. पिशवीत दिराची ऋणपुस्तिका (जमिनीच्या मालकीची नोंद असलेली पुस्तिका, जामीनदार ती कोर्टात दाखवतो), घट्ट गुंडाळलेली, आणि ती परत आणून दे म्हणून घरून सारखे फोन. मला प्रश्नावली बाहेर काढवेना.

इथेच अडलेय. जिल्हा कोर्टातले कुणी वकील किंवा मुन्शी ऋणपुस्तिकेची पडताळणी नेमकी कुठे रखडते ते सांगतील का? आणि समाजकार्यातल्या ताई-दादांनो, अशा बाईशी बोलणं कसं सुरू करता? माझं संमतीपत्र सरकारी हिंदीत आहे, ते त्यांच्यापुढे ठेवायलाच नको वाटतं. साध्या बोलीतला नमुना कुणाकडे असेल तर कृपया पाठवा. कुणाचंही नाव प्रबंधात येणार नाही.