सायलेन्सरला हीट रेझिस्टंट पेंट: रेड ऑक्साइड मारायचा का, स्प्रे की ब्रश, आणि पक्का कसा करायचा?

पाटणखोरे
पेट्रोल हॅचबॅक आहे, मुक्काम पाटण. पावसाळाभर कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला येणं-जाणं, त्यामुळे सायलेन्सर कायम चिखल-पाण्यात. मधल्या पाइपवर तांबूस गंज चढलाय, मागच्या डब्याच्या शिवणीवर पापुद्रे सुटतायत. भोक दिसत नाही, आवाजही बदललेला नाही. दिवाळीनंतर घरीच रंगवायचं म्हणतोय. आधी रेड ऑक्साइड मारायचा का? स्प्रे बरा की डबा-ब्रश? आणि सगळं उतरवावं लागेल, की गाडीवरच जमेल?

कृष्णाकाठ_गॅरेज
रेड ऑक्साइड अजिबात नको. त्यातलं रेझिन उष्णतेने जळतं आणि वरचा चांगला रंगही घेऊन सुटतं. इपॉक्सी प्रायमरचं तेच, गंज काळा करणाऱ्या रस्ट कन्व्हर्टरचंही तेच. हीट रेझिस्टंट पेंट थेट उघड्या लोखंडावर मारायचा असतो. रंगाच्या डब्यावर कंपनीने स्वतःचा प्रायमर सांगितला असेल तरच तो.

पण रंगाच्या आधी सायलेन्सरचा डबा तपासा. इंजिन थंड असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने शिवणीवर आणि डब्याच्या पोटाशी ठोका. खणखणीत वाजला तर पत्रा शाबूत. बद्द वाजला, मुठीखाली दबला, तर गंज आतून आहे. कमी अंतर चालवून गाडी बंद केली की धुरातली वाफ डब्यात पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून खाते. त्याला बाहेरचा रंग काहीच करू शकत नाही. अशा वेळी पॅच वेल्डिंग किंवा नवा डबा, आणि वेल्डिंग रंगाच्या आधीच. त्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. डब्याच्या तळाला पाणी निघायला बारीक छिद्र असेल तर ते रंगाने बुजवू नका.

डबा शाबूत असेल तर निम्म्याहून जास्त काम घासण्यात आहे. पापुद्रे पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, शेवटी 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर. खड्ड्यांत काळपट डाग राहिले तर चालतील, बोटाला भुकटी लागता कामा नये. मात्र जिथे पत्र्यावर मूळचा चंदेरी ॲल्युमिनियमचा थर शाबूत आहे तिथे ग्राइंडर लावू नका, तो थर कुठल्याही रंगापेक्षा चांगला. तिथे हलका पेपर पुरे. नंतर पांढऱ्या सुती कापडाने थिनर किंवा ॲसिटोन फिरवा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाच्या तेलकटपणावर रंग धरत नाही.

गाडीवर जमतं, पण पाइपची वरची बाजू राहून जाते आणि पाणी नेमकं तिथेच थांबतं. जमलं तर मागचा डबा रबरी हँगरमधून काढून खालीच रंगवा. जुने नट-बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका. वीट भाराने फुटते. लोखंडी स्टँड आणि चाकाला लाकडी गुटका हवाच.

मिरजकर_कोटिंग
रंगाविषयी: 600 अंशांचा सिलिकॉन-ॲल्युमिनियम पेंट घ्या. 200-250 अंशांचाही मिळतो, तो इथे नको. सांगली-मिरजेत साखर कारखान्यांच्या बॉयलर आणि धुराड्यांना हाच लागतो, त्यामुळे इंडस्ट्रियल पेंटच्या दुकानात मिळतो.

किती लागेल? 50 मिमी व्यासाच्या एक मीटर पाइपचं बाहेरचं क्षेत्रफळ जेमतेम 0.16 चौरस मीटर. पाइप आणि डबा मिळून एक चौरस मीटरच्या आसपास. 400 मिलीचे दोन स्प्रे कॅन पुरतात. शिवणीसाठी ब्रश बरा, बाकी सगळीकडे स्प्रे, कारण इथे थर पातळच हवा. दोन, फार तर तीन हलके हात, मध्ये 15-20 मिनिटं. जाड मारला की वरची साय आधी वाळते, आतलं थिनर अडकतं आणि तापल्यावर फोड येतात. लोक रंग नुसता सुटला म्हणतात ते बहुतेक यामुळेच.

ऑक्सिजन सेन्सर, त्याची वायर, रबरी हँगर आणि जाळीचा लवचिक पाइप मास्किंग टेपने झाका. शेजारून जाणारे पेट्रोल आणि ब्रेकचे पाइपही. इंजिनजवळचा मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर बाहेर आणणारा पहिला भाग) मात्र सोडा, घाट चढताना तो 600 च्या पुढे जाऊ शकतो.

पाटणखोरे
मॅनिफोल्ड सोडतो. पक्का करायला इंजिन किती वेळ चालू ठेवायचं?

मिरजकर_कोटिंग
आधी एक दिवस हवेवर वाळू द्या. मग उघड्या जागेत इंजिन 10 मिनिटं आयडलिंगवर, पूर्ण थंड. 20 मिनिटं, पुन्हा थंड. मग अर्धा तास. कॅनवर वेगळं दिलं असेल तर ते पाळा. धूर आणि वास येणारच, बंद शेडमध्ये करू नका. पण हे रेझिन 200 अंशांच्या आसपास पक्कं होतं आणि आयडलिंगवर मागचा डबा तेवढा तापत नाही. म्हणून शेवटी पाटण-कराड एक खेप सलग मारा. रस्ता कोरडा हवा. तोवर रंग नखाने निघतो, पेट्रोलचा थेंबही त्याला पुसतो. त्यामुळे खेप होईपर्यंत गाडी धुवायची नाही.

सातारा_अंडरबॉडी
दोन गोष्टी राहिल्या. दिवाळीनंतर तुमच्याकडे सकाळी पत्र्यावर दव असतं, डोळ्यांना दिसतही नाही. रंग सकाळी 11 ते दुपारी 3 मध्येच मारा, थिनर आधी नीट उडू द्या.

दुसरं, पावसाळ्यापूर्वी खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घेत असाल तर सायलेन्सर झाकायला सांगा, समोर उभं राहून. ते डांबरी किंवा रबरी कोटिंग तापलेल्या पाइपवर जळतं, केबिनमध्ये वास येतो, जाड बसलं तर पेटूही शकतं. तुमच्या पाइपवर आधीचं असं काही असेल तर तारेच्या ब्रशने ते फक्त पसरेल. आधी खरवडा, मग रॉकेल किंवा थिनरने पुसा, आणि त्यानंतरच ग्राइंडर लावा. ग्राइंडरची ठिणगी लक्षात घेऊन ती चिंधी आणि थिनरचा डबा आधी लांब ठेवा.