विषय: शनिवारचा नमुना तास – खेळाला २० मिनिटं चालतील का?

मंडळी,
जपानला इंग्रजी शिकवायला निघालेल्या शिक्षकांसाठीचा शनिवारचा तास ६० मिनिटांचाच आहे. १२ जण, विद्यार्थी आपणच व्हायचं. मागच्या आराखड्यात खेळ शेवटी होता आणि दोन्ही वेळा राहून गेला. म्हणून या वेळी तो मधे घेते आहे: विचारपूस ५, नवी वाक्यं १०, सराव १०, खेळ २०, चुका आणि दुसरी फेरी १५. आक्षेप असेल तर गुरुवारपर्यंत कळवा, कार्डं छापायला टाकायची आहेत.
– कोथरूड

ताई,
मागचा आराखडा माझा होता, म्हणून बोलतो. खेळ शेवटी होता, कारण आधीचं पक्कं झाल्याशिवाय खेळ नुसता गोंगाट ठरतो. आणि खेळ कुठला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. बिंगो असेल तर माझा सक्त विरोध. त्यात शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी फुल्या मारतो. हँगमनमध्ये (एकेक अक्षर ओळखून शब्द पुरा करायचा खेळ) स्पेलिंग येतं, बोलणं नाही. बाद होण्याचे खेळ तर सगळ्यात वाईट: ज्याला बोलता येत नाही तोच पहिला बाद होतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी शिकायला येणारा माणूस हे दोनदा सहन करेल, तिसऱ्यांदा येणार नाही.
– सदाशिव पेठ

काका,
बिंगो नाही, अर्ध्या माहितीचा खेळ आहे. रेल्वेचं वेळापत्रक, ८ गाड्या. जोडीतल्या एकाच्या अ कागदावर ४ वेळा कोऱ्या, दुसऱ्याच्या ब कागदावर उरलेल्या ४. विचारल्याशिवाय रकाना भरतच नाही, म्हणजे वाक्य बोलावंच लागतं. खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. समोरासमोर बसवलं की लोक दुसऱ्याच्या कागदात बघून लिहितात आणि खेळ दोन मिनिटांत संपतो. नियम इंग्रजीत समजावत बसू नये, त्यातच ७-८ मिनिटं जातात. दोघांना पुढे बोलवून एक रकाना भरून दाखवायचा. वाक्य फळ्यावर ठेवायचं, ५ मिनिटांनी त्यातलं क्रियापद पुसायचं, १० मिनिटांनी सगळंच.
वेळांमध्ये ४:१५ आणि ४:५० मुद्दाम घातल्या आहेत. फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला आघात ऐकू आला नाही की रकाना चुकतो, आणि चूक त्यांची त्यांनाच सापडते.
– कोथरूड

फक्त चुकांबद्दल लिहिते. खेळ चालू असताना टोकू नका. चिठ्ठीवर टिपा आणि नंतर फळ्यावर तीनच वाक्यं लिहा, कोणाचं ते न सांगता. चारचौघांत नाव घेऊन चूक दाखवली की तो माणूस पुढचे तीन तास तोंड उघडत नाही.
एक चूक मात्र आपल्या शिक्षकांना ऐकूच येणार नाही. 'डोन्ट यू लाइक टी?' असं विचारलं तर जपानी माणूस चहा आवडत नसताना 'येस' म्हणतो. आपणही 'हो, नाही आवडत' म्हणतोच की! कानाला बरोबर वाटतं म्हणून निसटतं. हा प्रश्न सरावाच्या १० मिनिटांत घ्याच.
– औंध

औंधच्या ताईंशी सहमत. त्यात भर: जपानी बोलण्यात शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, ग्लासचं 'गुरासु' होतं. ते 'चूक' म्हणून सुधारत बसू नये. टाळ्या वाजवून घ्या: ग्लासला एकच टाळी, गुरासुला तीन. फरक हाताला कळला की जिभेला कळतो. आणि प्रश्न विचारल्यावर १० सेकंद थांबा. आपल्याला शांतता सोसत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग सगळ्यांसमोर विचारा.
खेळाला १५ मिनिटं द्या, वाचलेली ५ सरावाला. एवढं झालं तर माझी हरकत नाही.
– सदाशिव पेठ

तास सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेता येईल का? जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरची बाग आहे, वातावरण तयार होईल.
– धायरी

बागेत फळा नाही, आणि पुसत जाण्याचा सगळा भाग फळ्यावर आहे. सभागृहच ठेवू.
काका, १५ मान्य, सराव १५. अ आणि ब कागद प्रत्येकी ६, वर एकेक जास्तीचा. ११ जणच आले तर एका गटात तिघं: तिसरा स्टेशनवरची घोषणा वाचेल आणि एक गाडी १० मिनिटं उशिरा आणेल, म्हणजे उरलेल्या दोघांना पुन्हा विचारावं लागेल. लोणावळा लोकलच्या वेळा कोणी सुचवू नका, आपल्याला त्या पाठ असतात, न ऐकताच लिहिल्या जातील.
चहा आवडण्या-नावडण्याचे ६ प्रश्न औंधच्या ताईंनी उद्या रात्रीपर्यंत पाठवावेत, त्याच कागदाच्या मागे छापते.
– कोथरूड