अनुभव धागा: खिशात पैसे असूनही

माझे नाना ७६ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात ते डोळ्यांचे थेंब आणायला एकटेच जळगावात गेले. थेंब १४० रुपयांचे. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी पाचशेची नोट काढली. दुकानातला मुलगा म्हणाला, "सुट्टे नाहीत बाबा, स्कॅन करा." नानांकडे बटणांचा फोन. ते म्हणाले, "भाऊ, मन्हा जोडे पैसा शेतस ना!" मुलाने बाटली परत फळीवर ठेवली. नाना रिकाम्या हाताने घरी आले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना ती नोट माझ्यासमोर धरून विचारलं, "हाई नोट बंद व्हयनी का रे?"

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी बँकेच्या रांगेत दोन दिवस काढले होते. ती भीती मनात तशीच बसलेली आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ही नोट देशात सगळीकडे चालते, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, मग मला थेंब का नाही मिळाले?

मीही रोज फोनवरूनच पैसे देतो, त्याला माझा विरोध नाही. पण ज्यांच्या हातात फक्त नोटा आहेत त्यांचं रोज काय होतं, ते मला ऐकायचं आहे. दुकानदारांनीही लिहा, त्यांची बाजूही कळू द्या.

केळीबाग, रावेर तालुका

आमचं उलटं आहे. केळीची गाडी भरली की व्यापारी पैसे खात्यावर टाकतो. मजुरांना मात्र बाजाराच्या दिवशी हातात रोकड लागते. एटीएममधून निघतात पाचशेच्याच नोटा. बँकेत शंभराचं बंडल मागितलं तर "आज नाही, उद्या बघा". अकरा बाया आणि चार गड्यांचा हिशेब मी कसा करू? मग तिघींमध्ये दोन नोटा द्यायच्या आणि सांगायचं, बाजारात फोडून घ्या. बाजारात सुट्टे कोण देतो? काहीतरी विकत घेतलं तरच मिळतात. एका बाईने मला सांगितलं, "दादा, नोट फोडायला मी मागच्या तीन बाजारांत तीन साबण घेतले." तिच्या मजुरीतले पैसे माझ्या नोटेमुळे गेले. आता मी आदल्या दिवशीच पेट्रोल पंपावर आणि चहाच्या टपऱ्यांवर फिरून सुट्टे गोळा करतो. अर्धा दिवस त्यातच जातो.

एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं की मार्च २०२६ अखेरपर्यंत ९० टक्के एटीएममध्ये किमान एका कॅसेटमधून, म्हणजे यंत्रातल्या नोटांच्या एका कप्प्यातून, शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. मी दर आठवड्याला यंत्रासमोर उभा राहतो तो याच आशेवर.

पथारीवाली, नंदुरबार

माझी आई मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडते. हंगामात तिची बोटं इतकी भाजतात की रात्री ती हात थंड पाण्यात बुडवून बसते. लाडकी बहीणचे १५०० रुपये तिच्या खात्यात येतात. बँक दूर, म्हणून गावातल्याच केंद्रावर अंगठा लावून पैसे काढायचे. अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात, यंत्र ओळखत नाही. एकदा, दोनदा, पाच वेळा. मागच्या रांगेतले लोक वैतागतात. चौथ्या दिवशी बोटांना तेल लावून, पुसून, कसाबसा लागला. केंद्रवाल्याने त्यातले तीस रुपये ठेवून घेतले. का, ते सांगितलं नाही आणि आईने विचारलंही नाही. घरी आल्यावर ती पैसे तीनदा मोजते. तीस रुपये कमी आहेत हे माहीत असूनही मोजते.

किराणा, धुळे

वरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलाने चूकच केली. बाटली देऊन "उद्या पैसे द्या बाबा" म्हणता आलं असतं. पण गल्ल्यावर बसणाऱ्याचंही ऐका. सकाळी सात वाजता दुधाची पिशवी घ्यायला पहिला माणूस पाचशे देतो, दुसराही पाचशेच देतो. साडेसातला माझा गल्ला कोरडा. दोन वर्षांत दोन नकली नोटा आल्या, त्या मलाच भोगाव्या लागल्या.

दहाच्या नाण्यांचं तर दुखणंच वेगळं आहे. माझ्याकडे डबाभर आहेत. नाणी कायदेशीर आहेत, २०११ च्या कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंतची रक्कम नाण्यांत देता येते, रिझर्व्ह बँकेनेही वेळोवेळी खुलासा केलाय. तरी गिऱ्हाईक हात मागे घेतं, "हे चालत नाही". मीच घेत बसलो तर माझ्याकडून कोण घेणार?

फोनवर सव्वीस रुपये म्हणजे सव्वीसच येतात. चॉकलेट द्यावं लागत नाही, वाद होत नाही. म्हणून आम्हाला ते बरं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला मात्र मी कधी परत पाठवलेलं नाही, वहीत लिहून ठेवतो.

चोपड्याची सून

माझ्या सासूबाई तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायच्या. कुणाला माहीत नसलेले, स्वतःचे. २०१६ ला डबा सगळ्यांसमोर रिकामा करावा लागला तेव्हा अकरा हजार निघाले, आणि घरातले पुरुष हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यातून त्यांना मुलीच्या बाळंतपणाला काही करायचं होतं.

आता माझी गत सांगते. फोनवरून मी काहीही घेतलं तरी मेसेज नवऱ्याच्या नंबरवर जातो. ते वाईट नाहीत, पण विचारतात. "आज साठ रुपये कशाचे?" मैत्रिणीबरोबर पाणीपुरी खाल्ली, एवढंच असतं. नोट असली की हे सांगावं लागत नाही. म्हणून मी रोखीनेच देते, आणि "काकू, ऑनलाइन नाही का?" असं कुणी विचारलं की मला राग येतो.

टेम्पो, शिरपूर

थोडक्यात सांगतो. टोलनाक्यावर माझा फास्टॅग चालला नाही. १५ नोव्हेंबर २०२५ पासून तेव्हा नियम असा होता की अशा वेळी यूपीआयने दिले तर सव्वापट आणि रोख दिले तर दुप्पट. फोनला रेंज नव्हती. खिशात नोटा होत्या, म्हणून दुप्पट दिले. मालकाने जास्तीचे पैसे माझ्याच पगारातून कापले.

धडगावचा मास्तर

इकडे बाजारात अजून रोकडच. टेकडीवर चढलं तर रेंज, खाली उतरलं की गेली. अडचण येते ती मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मला. फी फक्त ऑनलाइन. बाप घामाच्या नोटा मुठीत घेऊन शहाद्यापर्यंत जातो, आणि फी भरून देणारा वर पन्नास घेतो. मी वर्गातल्या सगळ्या मुलांची फी माझ्या फोनवरून भरतो. बाप लोक नंतर नोटा आणून देतात, प्रत्येक नोट हाताने सरळ करून.

आखाजी, अमळनेर

आमच्या मोठ्या मायने आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीच्या हातात कुंकू लावून शंभराची नोट ठेवायची, अशी रीत. या वर्षी कोऱ्या नोटा मिळाल्या नाहीत, म्हणून भाच्याने तिच्या पेन्शनमधून सगळ्यांना फोनवर पाठवले. फोन एकामागून एक वाजले. मोठी माय कुंकवाची कोयरी हातात धरून बघत राहिली.

माझी नऊ वर्षांची मुलगी हात पुढे करून उभीच होती. तिच्याकडे फोन नाही. मोठी मायने पेटीतून दहाची तीन नाणी काढून तिला दिली. पोरगी कुल्फी आणायला पळाली आणि पाच मिनिटांत रडत परत आली, ही चालत नाहीत म्हणे.

मोठी माय पदर खोचून उठली. ८१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. नातीचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि काउंटरवर तिन्ही नाणी एकेक करून मांडली. बोलली काहीच नाही, नुसती उभी राहिली. दुकानदाराने कुल्फी दिली. नाणी घेतली आणि गल्ल्यात न टाकता बाजूला ठेवली.