‘गुठळी विरघळवणारं इंजेक्शन’ ब्रेन हॅमरेजमध्ये का देत नाहीत?

ओवी:
मामांना ब्रेन हॅमरेज झालं. सीटी स्कॅन दाखवत डॉक्टर म्हणाले, आत रक्ताची गुठळी आहे. शेजारच्या काकूंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाही गुठळीच होती, आणि हातातून इंजेक्शन देऊन ती विरघळवली. मामांना ते देत नाहीत म्हणून घरात धुसफूस चाललीय. गुठळी ती गुठळीच ना?

कानामात्रा:
नाही. काकूंची गुठळी रक्तवाहिनीच्या आत अडकली होती, पुढे रक्त जाईना. मामांची वाहिनी फुटून रक्त बाहेर आलंय आणि तिथेच थिजलंय. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: साकळणं. मुका मार लागून मांडी काळीनिळी पडते, तेव्हा ‘गुठळी झाली’ कोण म्हणतं?

रात्रपाळी:
अगदी. फुटलेल्या जागी गोठलेलं रक्तच स्राव थोपवून धरतं. तिथे हे औषध शिरेतून दिलं तर स्राव वाढतो.

पण तेच औषध, अल्टेप्लेझ, हॅमरेजमध्येही वापरून पाहिलंय. रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरलं की कवटीतून बारीक नळी घालून तुंबलेलं पाणी काढतात. स्राव थांबल्याची खात्री झाल्यावर त्याच नळीतून औषध सोडायचं. ‘क्लिअर-३’ चाचणीत (२०१७) ५०० रुग्ण होते. मात्रा दर ८ तासांनी १ मिलिग्रॅम, फार तर १२ वेळा. काकूंसारख्या अर्धांगवायूच्या झटक्यात ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम देतात! सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी १८ टक्के दगावले, नुसतं सलाईन सोडलेल्यांपैकी २९. मात्र बऱ्यापैकी हिंडते-फिरते राहिले ४८ विरुद्ध ४५ टक्के, म्हणजे धरण्याजोगा फरक नाही. जीव वाचले, पण अंथरुणाला खिळलेले वाढले. नातेवाइकांना हे सांगणं सोपं नसतं.

पाटीपेन्सिल:
‘विरघळवणं’ तरी बरोबर का? विरघळते ती साखर.

रात्रपाळी:
काटेकोर बोलायचं तर तोडणं. गुठळीचा सांगाडा फायब्रिनच्या तंतूंचा. औषध प्लास्मिनोजेनचं प्लास्मिन करतं आणि प्लास्मिन ते तंतू तोडतं. पण वॉर्डात सगळे विरघळवणंच म्हणतात, चालतं. ‘वितळवणं’ नको, तिथे उष्णता आली.

ओवी:
मामांचं रक्त पोकळीत नाही, मेंदूच्या आतल्या भागात साकळलंय म्हणे.

रात्रपाळी:
तिथेही नळी थेट साकळलेल्या रक्तात घालून पाहिलंय, ‘मिस्टी-३’ (२०१९). रक्त कमी झालं, पण हिंडण्या-फिरण्यात सिद्ध होईल असा फायदा दिसला नाही. त्यामुळे सरसकट करत नाहीत. उद्या डॉक्टर भेटले की साकळलेलं रक्त किती मिलिलिटर आहे आणि वाढतंय का, एवढं विचारा.